हिरवळ आणि तिच्याबाहेरचे जग

इंग्रजीच्या तासाला ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ चालू होते. राणीच्या बागेतला तो प्रसिद्ध प्रसंग आला. फ्लेमिंगो पक्ष्याची मान धरून त्याच्या डोक्याने काटेरी प्राण्याच्या वेटोळ्याला टोले मारायचे आणि वाकून उभ्या राहिलेल्या शिपायांच्या कमानींखालून ते वेटोळे पार करायचे, असा तो क्रोके नावाचा खेळ. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, पण खरा क्रोके कसा खेळतात?” सर म्हणाले, “तुम्हीच शोधून काढा आणि वार्षिकात लिहा.” ती कामगिरी अखेर माझ्याकडे आली. असो.

शोधायला बसले तेव्हा वाटले होते की एका दुपारचे काम आहे. नियम समजायला खरोखरच एक दुपार पुरली. परंतु नियमांच्या पलीकडे काही स्त्रिया भेटल्या आणि त्यांनी मला बरेच दिवस गुंतवून ठेवले. हा खेळ त्यांना पुरुषांच्या बरोबरीने खेळता येत होता, त्याच मैदानावर, त्याच नियमांनी. आणि त्यांच्यापैकी काही जणींनी पुरुषांना हरवून देशाचे अजिंक्यपद मिळवले. त्यांतले पहिले तर अशा काळात, की ज्या काळी स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येत नव्हते आणि ऑक्सफर्डची परीक्षा दिली तरी पदवी मिळत नव्हती. हे कसे घडले आणि त्यातून आपण काय समजावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

खेळ कसा असतो

प्रथम खेळाविषयी. क्रोकेचे मैदान म्हणजे बारीक कापलेली, सपाट हिरवळ. ३५ यार्ड लांब आणि २८ यार्ड रुंद. तीवर लोखंडाच्या ६ अरुंद कमानी आणि मध्यभागी एक खुंटी रोवलेली असते. खेळाडूच्या हातात लांब दांड्याची लाकडी मोगरी असते. चेंडू चार. निळा आणि काळा एका बाजूचे, तांबडा आणि पिवळा दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक चेंडूने ठरलेल्या क्रमाने सहाही कमानी दोनदा पार करायच्या आणि शेवटी खुंटीला लागायचे. असे एका चेंडूचे १३ गुण होतात, दोन चेंडूंचे २६. हे २६ गुण जो आधी पुरे करील तो जिंकला.

ऐकायला हे बालिश वाटते. पण चेंडूचे वजन सुमारे एक पौंड असते आणि त्याचा व्यास साडेतीन इंचांहून थोडा जास्त. मोठ्या स्पर्धांत कमानीची आतली रुंदी चेंडूपेक्षा इंचाच्या अष्टमांशाने किंवा त्याहूनही कमी फरकाने मोठी असते. थोडक्यात, सुईत दोरा ओवावा तसा हा चेंडू लांबून कमानीत घालावा लागतो.

खरी मौज पुढेच आहे. आपल्याकडे कॅरममध्ये सोंगटी खिशात गेली की पुन्हा मारायची पाळी मिळते, तसाच प्रकार येथे आहे. कमान पार केली की एक जादा टोला मिळतो. आपला चेंडू दुसऱ्या कोणत्याही चेंडूवर नेमका आदळवला तर दोन जादा टोले मिळतात. त्यांपैकी पहिला टोला आपला चेंडू त्या दुसऱ्या चेंडूला चिकटवून ठेवून मारायचा. त्या एका टोल्यात दोन्ही चेंडू दोन निरनिराळ्या दिशांना, हव्या त्या अंतरावर पाठवता येतात. कसबी खेळाडू अशा रीतीने प्रतिपक्षाचेच चेंडू पुढच्या कमानींपाशी नेऊन ठेवतो, त्यांचा पायरीसारखा उपयोग करतो आणि एकाच पाळीत बाराही कमानी पार करू शकतो. या सगळ्या वेळात प्रतिस्पर्ध्याने काय करायचे? मैदानाबाहेर खुर्चीवर बसून पाहात राहायचे. त्याची पाळी येईलच असे नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. या खेळात धावण्याचा वेग किंवा दंडातली ताकद यांना फारशी किंमत नाही. किंमत आहे ती नेम, अंदाज, संयम आणि चार चाली पुढचा विचार यांना. दुबळ्या खेळाडूला सवलत द्यायची तर काही जादा पाळ्या दिल्या जातात. त्यांना ‘बिस्क’ म्हणतात. ही सवलत खेळाच्या दर्जावर ठरते, खेळणारा पुरुष आहे की स्त्री यावर ठरत नाही.

बागेतून मैदानावर

हा खेळ आयर्लंडमधून १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये आला. १८५६ मध्ये आयझॅक स्प्रॅट याने त्याचे नियम लंडनमध्ये नोंदवले आणि जॉन जॅक्स याच्या कारखान्यातून त्याचे संच विकले जाऊ लागले. दहा वर्षांच्या आत तो खात्यापित्या इंग्रज घरांच्या बागांतून सर्वत्र पसरला. याचे मुख्य कारण असे की, घराबाहेर, मोकळ्या हवेत स्त्रीपुरुषांनी मिळून खेळावा असा खेळ तोपर्यंत जवळजवळ नव्हताच. क्रिकेट पुरुषांचे, शिकार पुरुषांची. क्रोके मात्र सभ्य, सावकाश आणि वडीलधाऱ्यांच्या नजरेसमोरचा. चेंडू झुडपात गेला की शोधायला दोघे जात आणि परत यायला वेळ लावीत, यावर त्या काळी पुष्कळ विनोद झाले.

तारांचे सांगाडे घातलेले ते घेरदार झगे नेसून बायका कशा खेळत असतील, हे पाहायचे असेल तर विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराचे १८६६ मधले क्रोकेचे चित्र पाहावे. ते आज शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. चित्रात ठळकपणे दिसतात त्या स्त्रिया. पुरुष एकच आहे आणि तो खाली वाकून एकीच्या पायाशी चेंडू नीट लावून देतो आहे. लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’ या १८६८च्या कादंबरीतही क्रोकेचा एक डाव आहे. त्यात एक इंग्रज मुलगा कोणी पाहात नाही असे समजून चेंडूला हळूच पायाने ढकलतो. जोला ते दिसते. ती संतापते, पण संताप गिळून खेळत राहते आणि डाव जिंकते. एवढ्याशा प्रसंगात लेखिकेने पुष्कळ काही सांगितले आहे. मुलीला येथे मुलाच्या तोडीने खेळता येते, हे तर झालेच. पण त्याने लबाडी केली तरी आवाज चढवायचा नाही, ही शिकवणही तिला खेळताना सांभाळावी लागते.

बागेतला हा खेळ लवकरच स्पर्धेचा झाला. १८६७ मध्ये इव्हशॅम या गावी पहिली खुली स्पर्धा भरली आणि १८६९ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. विंबल्डनला स्त्रियांचे टेनिसचे सामने १८८४ मध्ये सुरू झाले, म्हणजे क्रोके त्यांच्या पंधरा वर्षे पुढे होता. विंबल्डनचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की, ती जगप्रसिद्ध संस्था १८६८ मध्ये स्थापन झाली तेव्हा ती केवळ क्रोकेची संस्था होती. १८७५ मध्ये तिच्या एका भागात टेनिस आले, १८७७ मध्ये नावात आले, आणि १८८२ मध्ये नावातून क्रोके हा शब्दच गेला! पुढे १८९९ मध्ये तो पुन्हा घेतला गेला, पण आता टेनिसच्या मागे. आजही त्या संस्थेच्या नावात तो त्याच जागी आहे.

टेनिसच्या लाटेत मागे पडलेला क्रोके १८९०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उभा राहिला. त्याची मध्यवर्ती संघटना निघाली, नियम अधिक काटेकोर झाले, कमानी अरुंद झाल्या. खेळ बागेतल्या करमणुकीचा राहिला नाही. त्यात नैपुण्य लागू लागले, आणि नेमक्या याच वेळी काही स्त्रिया पुढे आल्या.

पॅरिसच्या तिघी

१९०० साली पॅरिसला ऑलिंपिक सामने भरले. आधुनिक ऑलिंपिकचे प्रणेते कूबेर्तां यांना स्त्रियांनी सामन्यांत उतरणे पसंत नव्हते. तरीही त्या वर्षी स्त्रिया उतरल्या. ऑलिंपिक समितीच्या हिशेबाप्रमाणे ९९७ खेळाडूंत २२ स्त्रिया होत्या. टेनिस, गोल्फ, नौकाशर्यत यांच्या बरोबरीने क्रोकेतही त्या होत्या. जून महिन्याच्या अखेरीस बुआ द बुलोन्य या उपवनात क्रोकेचे सामने झाले आणि त्यांत तीन फ्रेंच स्त्रिया पुरुषांबरोबर खेळल्या. विंबल्डनची विजेती शार्लट कूपर ही ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक विजेतेपद मिळवणारी पहिली स्त्री म्हणून ओळखली जाते. तिचा टेनिसचा सामना जुलैतला. म्हणजे या तिघी तिच्याही आधी मैदानात उतरल्या होत्या.

या सामन्यांना पैसे देऊन आलेला प्रेक्षक एकच होता म्हणतात. तो एक वयस्क इंग्रज गृहस्थ, आणि त्यासाठी तो नीसहून पॅरिसला आला होता!

या तिघींची नावे कागदोपत्री अशी आहेत : मादाम फियेल ब्रोई, मादाम देप्रे आणि मादमुआझेल मारी ओनिए. जी अविवाहित होती तिचे स्वतःचे नाव उरले. ज्या विवाहित होत्या त्यांच्या नावापुढे मादाम आणि घराण्याचे नाव, बस्स. इतिहासाच्या दारातून पहिल्या आत गेलेल्या स्त्रियांपैकी या दोघी, आणि दारावरच्या नोंदवहीत त्यांचे स्वतःचे नावसुद्धा नाही. खेळ संपल्यावर त्या घरी गेल्या आणि घराने त्यांना पुन्हा आपल्यात मिटवून घेतले.

लिली गोवर

त्यांच्याच काळातल्या एका स्त्रीविषयी मात्र अधिक सांगता येते. लिलियस मेरी गोवर, सर्वत्र लिली गोवर म्हणून ओळखली गेलेली. जन्म १८७७. वेल्सच्या पश्चिम भागात कॅसल मालग्विन नावाचा मोठा वाडा होता, तेथल्या जमीनदार घराण्यातली ही मुलगी. १८९९, १९०० आणि १९०१ अशी लागोपाठ तीन वर्षे तिने स्त्रियांचे अजिंक्यपद मिळवले. पण तिचे नाव राहिले ते १९०५ मुळे. त्या वर्षी तिने खुली अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. खुली म्हणजे स्त्रीपुरुष सर्वांना मोकळी. ती स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री.

क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. घोट्यापर्यंत पोहोचणारा झगा, गळाबंद पोलके, डोक्यावर टोपी. पुरुष खेळाडू दोन्ही पाय फाकवून मोगरी पायांच्या मधून झुलवू शकत; नेम सरळ बसण्यासाठी ती पद्धत सोयीची. लांब झग्यात ते जमणे कठीण, म्हणून बऱ्याच स्त्रिया बाजूने मोगरी झुलवीत. म्हणजे मैदान सारखे होते, नियम सारखे होते; पण अंगावरच्या कपड्यांनीच अर्धी लढाई अवघड करून ठेवलेली होती. तरी ती जिंकली. जिच्याशी सामना होता तिच्या पाळीत तिचे पुरुष प्रतिस्पर्धी नियमाप्रमाणे खुर्चीवर बसून मुकाट्याने पाहात होते. त्या काळच्या इंग्लंडात बाई बोलते आहे आणि पुरुष गप्प बसून ऐकतो आहे, असे सार्वजनिक जागी कितीदा घडत असेल?

आणि ज्या वर्षी ती देशातली सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरली त्या वर्षी तिला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते. ते इंग्रज स्त्रियांना १९१८ मध्ये मिळाले, तेही तिशी उलटलेल्यांना आणि मालमत्तेच्या अटीवर. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ साल उजाडावे लागले. ऑक्सफर्डमध्ये स्त्रिया परीक्षा देत, पण १९२० पर्यंत पदवी मिळत नसे. आपल्या जवळचेच उदाहरण द्यायचे तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली. पदवी हाती पडली १९२२ मध्ये. परीक्षेचा पेपर सारखा, निकालाचा कागद मात्र तीस वर्षे उशिरा!

लिली गोवरचे पुढे रेजिनाल्ड बीटन या नावाजलेल्या क्रोकेपटूशी लग्न झाले. सुदैवाने तिचा खेळ सुटला नाही. लग्नानंतरही ती अनेक वर्षे खेळत राहिली. मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कागदावर ती मिसेस बीटन झाली, नावाची आद्याक्षरे नवऱ्याची. गोवर जिंकली ती हीच, हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. लिली गोवर खेळू शकली याचे एक कारण तिचे कसब. दुसरे कारण तिचा वाडा. सरावाला घरची हिरवळ, ती कापायला माळी, पांढरे कपडे धुवायला मोलकरणी, उन्हाळाभर गावोगावच्या स्पर्धांना जाण्यासाठी प्रवासखर्च. या खेळात बक्षिसाच्या पैशांवर पोट भरत नसे. तिच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या मुलीचा नेम किती चांगला होता हे कधीच कोणाला कळले नाही, कारण तिच्या हातात मोगरी आलीच नाही. समतेची ही हिरवळ मोठी सुंदर होती, पण तिच्याभोवती कुंपण होते आणि कुंपणाला दार एका विशिष्ट वर्गासाठीच होते.

डोरोथी स्टील

दुसरी मोठी खेळाडू डोरोथी डाइन स्टील (१८८४–१९६५). पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या अजिंक्यपद स्पर्धा बंद पडल्या होत्या. युद्ध संपले तेव्हा इंग्लंड बदलले होते. १९२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सतरा लाखांहून अधिक भरल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘उरलेल्या बायका’ म्हणावे इतपत त्या चर्चेचा विषय झाल्या. लग्न हेच स्त्रीचे आयुष्य असे धरून चाललेल्या समाजाला, लग्नाशिवाय जगणाऱ्या लाखो स्त्रियांचे काय करायचे हे कळेना.

अशा दिवसांत मिस स्टील मैदानात आली आणि पुढची वीस वर्षे तिने गाजवली. खुली अजिंक्यपद स्पर्धा तिने चार वेळा जिंकली : १९२५, १९३३, १९३५ आणि १९३६. स्त्रियांचे अजिंक्यपद पंधरा वेळा मिळवले. १९२५ मध्येच मॅकरॉबर्टसन ढाल ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. मेलबर्नचे मिठाई आणि चॉकलेटचे कारखानदार मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी ती ढाल दिली होती. या स्पर्धेत डोरोथी स्टील इंग्लंडच्या संघातून १९२५, १९२७–२८ आणि १९३७ अशी तीन वेळा खेळली. हा काही स्त्रियांचा संघ नव्हता. देशाचा संघ होता. स्त्री म्हणून तिला त्यात घेतले नव्हते, उत्तम खेळाडू म्हणून घेतले होते.

तिचे शेवटचे खुले अजिंक्यपद १९३६चे, म्हणजे ती पन्नाशी ओलांडून गेली होती. धावण्याच्या किंवा पोहण्याच्या शर्यतीत हे अशक्य. क्रोकेत शक्य झाले, कारण येथे वयाबरोबर अनुभव वाढतो आणि तो उपयोगी पडतो. स्त्रियांच्या दृष्टीने याला विशेष अर्थ आहे. वीस ते चाळीस ही वर्षे बहुतेक स्त्रियांची घर, मुले आणि दुसऱ्यांची आजारपणे यांत जातात. ज्या खेळात तिशीला माणूस म्हातारा ठरतो त्या खेळाचे दार तिच्यासाठी कायमचे लागते. क्रोकेचे दार उशिरापर्यंत उघडे राहाते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हा खेळ वाड्यांतून गावच्या उद्यानांत आला, थोडक्या वर्गणीच्या क्लबांत रुजला आणि तेथे संसारी बायकांनी तो मोठ्या संख्येने उचलला. मुले शाळेत गेली, मोठी झाली, की त्या हिरवळीवर येत. त्यांच्यासाठी ती अर्धी दुपार केवळ खेळाची नसे. आपल्या नावाने हाक मारली जाण्याची ती जागा होती.

मग पुढे काय झाले?

इतकी उज्ज्वल सुरुवात झाल्यावर आज या खेळात स्त्रीपुरुष बरोबरीने शिखरावर असतील, अशी आपली अपेक्षा होईल. तसे झालेले नाही. क्रोकेची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८९ मध्ये लंडनच्या हर्लिंगहॅम क्लबात सुरू झाली. ती स्त्रीपुरुष सर्वांना खुली असते. तिचे अजिंक्यपद अजून एकाही स्त्रीने मिळवलेले नाही. एकविसाव्या शतकात जागतिक संघटनेने स्त्रियांसाठी स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू केल्या. ‘गोल्फ क्रोके’ म्हणून या खेळाचा एक सोपा व वेगवान प्रकार आहे; त्यात पाळीला एकच टोला असतो आणि एकेका कमानीसाठी चुरस असते. या प्रकारात इजिप्तचा दबदबा मोठा. कैरोच्या क्लबांत इंग्रज जो खेळ सोडून गेले तो तेथल्या लोकांनी आपलासा केला, आणि स्त्रियांचे जागतिक विजेतेपद इजिप्तच्या खेळाडूंनी मिळवून दाखवले आहे.

जो खेळ ताकदीचा नाही त्यात स्त्रिया मागे का पडाव्यात? याचे उत्तर हातात किंवा मेंदूत शोधणाऱ्यांना डोरोथी स्टीलने आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. माझ्या मते ते शोधायला हवे दिवसाच्या चोवीस तासांत. पूर्वीच्या काळी जी थोडी माणसे हा खेळ खेळत, त्यांच्यातल्या स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही भरपूर रिकामा वेळ होता. वेळ सारखा होता म्हणून निकालही सारखा होऊ शकला. पुढे खेळ नोकरदार माणसांचा झाला. पुरुष खेळाडू कचेरी सुटल्यावर क्लबावर जाऊन सराव करू लागला. स्त्रीची कचेरी सुटल्यावर तिची दुसरी पाळी घरी सुरू होते. क्रोकेला तर वेळ फार लागतो. एक डाव दोन-तीन तास चालू शकतो आणि मोठी स्पर्धा आठवडाभर. एक आठवडा घराबाहेर राहण्यासाठी पुरुषाला रजा काढावी लागते. स्त्रीला रजाही काढावी लागते आणि घरात आपल्या जागी कोणीतरी उभेही करावे लागते.

स्वतंत्र स्पर्धांविषयी दोन मते आहेत. एक मत असे की, जेथे ताकदीचा प्रश्न नाही तेथे स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा ठेवणे म्हणजे त्या कमी आहेत असे मान्य करणे होय. दुसरे मत असे की, मैदानावर चारच स्त्रिया असतील तर पाचवी येत नाही. वेगळी स्पर्धा असली की त्या एकमेकींना भेटतात, पाहून शिकतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात. मला वाटते, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. डोरोथी स्टील स्त्रियांची स्पर्धाही खेळली आणि खुलीही खेळली. वेगळी स्पर्धा असावी, पण ती पायरी म्हणून असावी. तिचे कुंपण होऊ नये.

हा वाद परदेशातलाच आहे असे समजू नका. क्रोके आपल्याकडे रुजला नाही. पण ताकद न लागणारा दुसरा एक खेळ आपल्या घराघरांत आहे, तो म्हणजे बुद्धिबळ. मुंबईच्या खाडिलकर भगिनींची नावे आपल्याला ठाऊक आहेत. वासंती, जयश्री आणि रोहिणी. यांपैकी रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली. तेव्हा ती शाळकरी वयाची होती. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे की नाही यावर मोठे वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे तिच्या बाजूने निर्णय झाला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनीही निर्वाळा दिला की, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. लिली गोवर जो दरवाजा १९०५ मध्ये सहज ओलांडून गेली तोच दरवाजा एकाहत्तर वर्षांनी आपल्याकडे कोर्टाकडून उघडून घ्यावा लागला.

समारोप

सरांनी विचारायला सांगितलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन झाले. खरा क्रोके कसा खेळतात ते मी वर लिहिले आहे. परंतु लिहिता लिहिता एक गोष्ट मनात पक्की झाली, ती सांगून थांबते.

स्त्रियांना या खेळात मुळात प्रवेश मिळाला तो कोणी त्यांना बरोबरीचे मानले म्हणून नव्हे. हा खेळ निरुपद्रवी आहे, बायकांनी खेळला तरी काही बिघडत नाही, असे वाटले म्हणून मिळाला. मिळालेली ती फट त्यांनी ओळखली आणि तीतून त्या अजिंक्यपदापर्यंत गेल्या. समतेची सुरुवात पुष्कळदा अशीच, कोणाच्या लक्षात न येता होते.

पण त्याबरोबर हेही खरे की, नियम सारखे असले म्हणजे सगळे झाले असे नव्हे. पॅरिसच्या त्या दोघींना स्वतःचे नाव हवे होते. लिली गोवरला पायात न अडकणारा पोशाख हवा होता. तिच्या मोलकरणीला एक मोकळी दुपार हवी होती. आजच्या नोकरी करणाऱ्या खेळाडूला घरी परतल्यावर तयार असलेला स्वयंपाक हवा आहे. मैदान सारखे असून भागत नाही. मैदानापर्यंत जाणारी वाटही सारखी असावी लागते.

आपल्याच कॉलेजचे पाहा. संध्याकाळी पाच वाजता मैदान मुलामुलींना सारखेच मोकळे असते. नियमात कोठेही भेदभाव नाही. तरी त्या वेळी मैदानावर मुली किती असतात, हे प्रत्येकाने एकदा मोजून पाहावे. बाकीच्या त्या वेळी कोठे असतात? कोणी गावच्या शेवटच्या एस.टी.साठी स्टँडवर धावत असते, कोणी धाकट्या भावंडांना आणायला गेलेली असते, कोणी घरी पोळ्या लाटत असते. त्यांच्यात एखादी लिली गोवर नसेलच असे कोण सांगू शकेल?

तिचा नेम चांगला आहे की वाईट, हे कळण्यासाठी तिच्या हातात आधी मोगरी यावी लागेल आणि तिची दुपार मोकळी व्हावी लागेल.